गोपिकेची ट्रंक

आमच्या वस्तीत दरवर्षी चौदा एप्रिलला खडी गंमत व्हायची. गोष्ट आधी ठरलेली असायची, पण संवाद नटांनी मंचावर उभ्याउभ्याच जुळवायचे. त्या वर्षी बाबा म्हणाले, यंदा लिहिलेलं नाटक करू आणि ते सिंधू लिहील. वस्तीतली पहिली बी.एस्सी. मुलगी मी होते, आणि होळीपासून माहेरी रिकामीच होते.

शेवट बाबांनीच सांगून ठेवला. माहेरी आलेली गोपिका नवऱ्यासोबत परत जाते. माझे यजमान मनोहरराव नाटकाला सावनेरहून येणार होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मला नेणार होते. मला जायचं नव्हतं. का, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. ते पीत नव्हते, मारत नव्हते. मग सांगायचं काय?

मी शेवटाकडून मागे लिहीत गेले. प्रॅक्टिकलला वर्गातली काही मुलं असंच करायची. उत्तर पुस्तकात असतंच, त्याला जुळतील अशी रीडिंग मांडायची. पण तिसऱ्या प्रवेशात एक गोष्ट आराखड्यात नसताना आली. नवरा ड्यूटीवर निघतो आणि दाराला बाहेरून कुलूप लावतो. शेजारीण खिडकीशी येऊन साखर मागते, पण जाळीतून वाटी जात नाही. लिहून झाल्यावर मी ते खोडायला घेतलं, आणि तसंच राहू दिलं.

गोपिकेचं काम नत्थूकडे होतं. तो मिलमध्ये होता, पण लुगडं नेसला की त्याची चालच बदलायची. शेवटी त्याला फक्त ‘चला’ म्हणून निघायचं होतं. तालमीत तो तिथेच अडायचा.

“सिंधूताई, हे बाई काही जाऊन नाही राहिली.”

मी म्हटलं, जाते. मी तसं लिहिलंय.

“तुमी लिवलं. पन तिच्या लुगड्यात मी उभा हावो ना. पायच उचलत नाही तिचा.”

“पाय तुया, लुगडं तुया बायकोचं,” नवऱ्याचं काम करणारा मधुसूदन म्हणाला. “उचल ना गा.”

सगळे हसले. अडलास तर मी आतून वाक्य सांगेन, असं मी नत्थूला सांगितलं.

नाटकाच्या दिवशी मी कागद घेऊन बाजूच्या पडद्याआड उभी होते. फटीतून पहिली रांग दिसायची. बाबा होते, त्यांच्या शेजारी मनोहरराव. शेवटच्या प्रवेशात मधुसूदन म्हणाला, “चल.” नत्थू ट्रंकेवर बसला. मी हळूच ‘चला’ सांगितलं. पुन्हा सांगितलं. त्याने ऐकलं, माझ्याकडे बघितलंही, पण उठला नाही.

मधुसूदन मुरलेला गंमतवाला. मंचावर गप्प राहणं त्याला जमतच नव्हतं.

“काहून वं, बसली काहून?”

“कुलूप आनलं का तुमी?”

लोक हसले.

“तुयासाठीच लावतो. जमाना खराब हाये.”

“मंग चाबी मायाजवळ द्या.”

हशा आणखी वाढला. मनोहररावांचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला आणि तिथेच राहिला. बाबाही हसत होते. मग त्यांना तो हात दिसला.

नत्थू माझ्याकडे बघत होता. वाक्य माझ्या हातातल्या कागदावर होतं. मी ते सांगितलं नाही. कोणीतरी पडदा ओढला.

सकाळी माझी ट्रंक दारात होती. मनोहरराव चपला घालून अंगणात उभे होते. बाबांनी मला आत बोलावून हळूच विचारलं, “जावई बाहेरून कुलूप लावते?”

मी मान हलवली.

“रोज?”

“रोज.”

एसटीची वेळ झाली, असं बाहेरून मनोहरराव म्हणाले. बाबा दाराशी गेले, ट्रंकेजवळ वाकले. मला वाटलं, उचलतात. त्यांनी धोतर सावरलं आणि ते तिच्यावर बसले.