राजाच्या बाजूचं पत्र

जानेवारीची सुट्टी संपली आणि अकरावीला अमेरिकन साहित्य शिकवणारे सर ओहायोहून परत आलेच नाहीत. त्यांनी एक ईमेल पाठवला. त्यात तब्येतीचं कारण होतं आणि सोबत, बहुतेक चुकून, तळ्यात गळ टाकून बसल्याचा फोटो होता. दुसऱ्या दिवशी कुवेतच्या हवल्ली भागातल्या त्या शाळेच्या प्रिन्सिपॉल बानू मॅडमनी राजश्रीला बोलावलं आणि तो वर्ग तिच्या हवाली केला.

राजश्री मूळची परभणीची. नांदेडला एम.ए. झाली आणि लग्नानंतर नवऱ्याबरोबर कुवेतला आली. नवरा अनिकेत इथल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. ती नऊ वर्षं सहावीला इंग्रजी व्याकरण शिकवत होती आणि त्यात सुखी होती. सहावीच्या मुलांना क्रियापदाखाली रेघ मारा म्हटलं की ती मारतात.

"मॅडम, मला अमेरिकेतलं काही ठाऊक नाही," ती म्हणाली.

"मुलांना तरी कुठे ठाऊक आहे," बानू मॅडम म्हणाल्या. त्या हैदराबादच्या. कुवेतमध्ये तीस वर्षं काढलेल्या, आणि पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडला तर जगात कशालाही न भिणाऱ्या.

धडा होता अमेरिकेतल्या वसाहतींनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध बंड केलं त्या काळातला. तेव्हाची पत्रकं, भाषणं, जाहीरनामे. लोकांचं मन वळवायला माणसं कशी लिहायची, ते शिकवायचं होतं. एकेक वाक्य शुवैखच्या बंदराबाहेर लागणाऱ्या ट्रकांच्या रांगेएवढं लांब. पहिल्या आठवड्यात वर्गातली एकोणीस मुलं शांत बसून राहिली. ही शांतता आदराची आहे असं राजश्रीला दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी एकजण घोरला.

मग बंडखोरांनी बोस्टनच्या बंदरात चहा ओतून दिला, तो भाग आला.

"चहाने काय केलं होतं?" पुढच्या बाकावरून तहरीमने विचारलं. ही मुलगी हळवी होती. जीवशास्त्राच्या तासाला झुरळासाठी रडलेली.

"चहाने काही केलं नव्हतं. त्याच्यावर कर होता. लोकांना न विचारता बसवलेला."

"मग कर समुद्रात टाकायचा."

"त्यात साखर होती का?" झरीनने विचारलं. झरीन वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी होती, त्यामुळे ती थट्टा करते आहे की खरंच विचारते आहे, हे कळत नसे.

"पेट्या होत्या गं, पत्तीच्या," आर्यन मराठीत म्हणाला आणि लगेच इंग्रजीवर आला. तो राजश्रीच्याच इमारतीत राहायचा. त्याचे वडील बँकेत होते. शाळेत तिला मिस म्हणायचं आणि लिफ्टमध्ये काकू, हा नियम तो काटेकोर पाळत असे.

पुढची वीस मिनिटं त्या चहाचं माशांवर काय झालं असेल यावर गेली. राजश्रीने घरी येऊन अनिकेतला सांगितलं की उद्यापासून ती पुन्हा सहावी मागणार आहे.

मागायची वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या कॅन्टीनवर नोटीस लागली. विद्यार्थ्यांच्या आरोग्याच्या दृष्टीने कॅन्टीनमधला चहा आजपासून बंद. त्याऐवजी काकडीचा रस मिळेल.

त्या कॅन्टीनचा चहा म्हणजे वेलदोड्याचा दाट, गोड कराक. मोठ्या सुट्टीत मुलं त्यासाठी एकमेकांच्या पायांवर उभी राहायची. राजश्री वर्गात शिरली तेव्हा एकोणीसच्या एकोणीस मुलं जागी होती, आणि झरीनच्या हातात पाठ्यपुस्तक होतं. ते तिने स्वतःहून उघडलेलं होतं.

"मिस," झरीन म्हणाली, "राजाविरुद्धच्या तक्रारी ओळीने कशा मांडायच्या, ते काल तुम्ही सांगत होतात. ते पुन्हा सांगा."

राजश्रीने सांगितलं. नऊ वर्षांत तिने इतकं चांगलं कधी शिकवलं नव्हतं. आधी सगळ्यांना मान्य असेल असं तत्त्व मांडायचं, मग तक्रारी एकीवर एक चढवत न्यायच्या, मग आपण किती वेळा नम्रपणे विनंती केली ते सांगायचं. "पण आपण एकदाही विनंती केलेली नाही," आर्यन म्हणाला. मग सगळ्यांनी खाली जाऊन विनंती केली, कॅन्टीनवाल्या बापूंनी नोटीसकडे बोट दाखवलं, आणि मुलं समाधानाने वर येऊन लिहायला बसली.

गुरुवारपर्यंत पत्रक तयार झालं. राजश्रीने ते तपासलं, दोन स्वल्पविराम घातले, एकोणीस जणांना ए दिला आणि आनंदाच्या भरात अनिकेतला फोटो पाठवला. 'काकडीला आमची संमती कोणीही विचारलेली नाही,' असं त्यातलं एक वाक्य होतं. दुपारी पत्रक प्रिन्सिपॉलच्या दारावर चिकटलेलं होतं.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपली आणि रविवारी सकाळी बानू मॅडमनी तिला बोलावलं.

"हे तुमच्या वर्गाचं आहे," त्या म्हणाल्या. "मला कसं कळलं? इंग्रजी बरोबर आहे."

"मॅडम, तो अभ्यासक्रमाचा भाग..."

"मी कुठे रागावले? पण उत्तर द्यायला पाहिजे, नाहीतर संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर येईल. मेरे को नक्को ये झमेला. तुम्ही शिकवलंत ना? मग उत्तरही तुम्हीच लिहा. सही मी करते."

राजश्रीला नाही म्हणायचं होतं. नोकरीच्या ठिकाणी नाही कसं म्हणतात, हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. तिने मोकळ्या तासाला बसून एक पानाचं उत्तर लिहिलं, बानू मॅडमनी सही केली, आणि पुढच्या तासाला तेच पत्र घेऊन झरीन वर्गात उभी राहिली.

"मिस, राजाचं उत्तर आलंय. आपण ह्याचं परीक्षण करू या का?"

राजश्री म्हणाली, करा.

त्यांनी केलं. तिने स्वतः शिकवलेली पट्टी लावून केलं. तर्क ठीक. पुरावा नाही. भावनेला हात घातलेला नाही. "लिहिणारा माणूस घाबरलेला वाटतो," तहरीम कळवळून म्हणाली. "बहुतेक जेवला नव्हता." शेवटी मतदान झालं आणि पत्राला सी मायनस मिळाला. फळ्यावर तो राजश्रीनेच लिहिला, कारण खडू तिच्या हातात होता.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात कणिक तिंबत होती, जरा जास्तच तिंबत होती.

"सी मायनस," ती म्हणाली. "मला. एम.ए. फर्स्ट क्लासला."

"पण तू नेमकं कोणाच्या बाजूने लिहायलीस?" अनिकेतने विचारलं.

"चहा मिळायला पाहिजे असंच मला वाटतंय."

"मग तुझं पत्र पडलं ते बरंच झालं की."

"बरं कसं झालं? वाईट लिहिलं म्हणून पडलं ते."

अनिकेत टीव्ही लावायला गेला.

दुसरं पत्र तिने बानू मॅडमनी न सांगताच लिहिलं. ह्या वेळी तिने भावनेला हात घातला, दोन्ही हात घातले. साठीकडे झुकलेले बापू, समोर उकळत्या चहाचं पातेलं, आणि त्यांच्या चारही बाजूंनी रेटणारी दोनशे मुलं, असं चित्र तिने उभं केलं. एखाद्या दिवशी पाय घसरला तर? त्यांच्या वेंगुर्ल्याच्या घरी कोण कळवणार? 'तुम्हाला तुमचा चहा दिसतो,' तिने लिहिलं, 'चहा देणारा हात दिसत नाही.' हे वाक्य लिहून झाल्यावर तिच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी आलं. बानू मॅडमनी पत्र वाचलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "बापूंना खरंच काही झालं का?"

पत्राने वर्ग फोडला. तहरीम पहिल्या परिच्छेदालाच रडली. नऊ मुलं राजाच्या बाजूला गेली आणि खिडकीकडच्या बाकांवर जाऊन बसली. तिथे एसी चांगला लागायचा, त्यामुळे बंडखोरांना ते जास्तच लागलं. आर्यन दोन्हींच्या मधल्या बाकावर बसला आणि म्हणाला की तो अजून विचार करतोय. त्याच्याशी दोन्हीकडचे बोलेनासे झाले. मोठ्या सुट्टीत राजनिष्ठ मुलं काकडीचा रस घेऊन ओळीने उभी राहिली आणि बंडखोरांकडे बघत बघत, चेहरा न वाकडा करता, तो प्यायली.

राजश्रीला फार बरं वाटलं. पत्र चांगलं झालं होतं.

बुधवारी झरीन दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून बसली होती. तास संपत आला तेव्हा तिने हात वर केला.

"मिस, पहिल्या पत्रात शेवटी लिहिलंय, 'काइंडली नोट द सेम'. दुसऱ्यातही तेच आहे. मागच्या आठवड्यात माझ्या वहीवर तुम्ही लिहिलं होतंत, 'स्पेलिंग चुकलं, काइंडली करेक्ट द सेम'."

दोघातिघांनी आपापल्या वह्या उघडून पाहिल्या.

"माझे बाबापण तसंच लिहितात," आर्यन म्हणाला. त्याला मदत करायची होती.

"तुझ्या बाबांनी लिहिलंय का हे?"

"नाही."

सगळे राजश्रीकडे बघायला लागले. खोटं बोलावं असं तिला एक क्षण वाटलं. मग तिला वाटलं, इतक्या चांगल्या पत्राचं श्रेय दुसऱ्याला का द्यावं.

"मीच लिहिलंय," ती म्हणाली. "दोन्ही."

"आणि आमचं पत्रक तपासून तुम्हीच दिलं होतं," झरीन म्हणाली.

"हो. ते चांगलं होतं."

"मग तुम्ही कोणाच्या बाजूला आहात?"

"चहा मिळायला पाहिजे. पण माझं दुसरं पत्रही चांगलं होतं," राजश्री म्हणाली आणि नंतर, न राहवून, "होतं ना?"

झरीनने दुसरं पत्र पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं. "ए मायनस," ती म्हणाली. "बापूंचं खरं असेल तर."

बापूंना राजश्रीने एका शब्दाने विचारलेलं नव्हतं. घंटा झाल्यावर ती थेट कॅन्टीनमध्ये गेली. बापू काउंटरच्या मागे स्टुलावर बसले होते आणि त्यांच्यासमोर भाजण्यावरच्या मलमाच्या पाच ट्यूबा होत्या.

"बाई," ते म्हणाले, "ही पोरां काल धरून माका मलमा आणून देतत. एक पोरगी माझो हात धरून रडली. माका काय झाला हा?"

राजश्रीने त्यांना पत्राचं सांगितलं. बापूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पातेला खयचा? चाय आतल्या मशीनचो असता. ता मशीन जळला, म्हणान चाय बंद. शुवैखाक दिलंय दुरुस्तीक, तर तो मेकॅनिक गावाक गेलो."

"आणि आरोग्याची नोटीस?"

"ती मॅडमनी लायल्यानी. मशीन बिघडला म्हणान लिवला तर पालकांच्या ग्रुपवर जाता म्हणत होती." त्यांनी एक ट्यूब उचलून वास घेतला. "बाकी ह्या मलम बरा हा. गुडघ्याक लायलंय."

राजश्री तशीच वर गेली. बानू मॅडम फायलींवर सह्या करत होत्या.

"मॅडम, मशीन बिघडलंय हे तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही इतकं छान लिहिलं असतं का?" बानू मॅडम म्हणाल्या. राजश्रीला ती स्तुती आवडली, आणि आवडली याचाच तिला राग आला.

"मॅडम, उद्या माझ्या वर्गात येऊन हे तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते." एवढं सलग वाक्य ती वरिष्ठांशी पहिल्यांदाच बोलली होती. बोलून झाल्यावर तिला खुर्चीत बसावंसं वाटलं, म्हणून ती बसली.

बानू मॅडम दुसऱ्या दिवशी खरंच आल्या. वर्गासमोर उभ्या राहून त्यांनी मशीन, मेकॅनिक आणि पालकांचा ग्रुप, तिन्ही सांगितलं. बंडखोर आणि राजनिष्ठ दोघांचेही चेहरे पडले. दोन दिवस ते एका जळक्या कॉइलवरून एकमेकांशी बोलत नव्हते.

"हे तुम्ही सरळ नोटिशीतच का नाही लिहिलंत?" झरीनने विचारलं.

"सरळ लिहिलेलं कोण वाचतं?" बानू मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच सांगा. 'मशीन बिघडले आहे' वाचून तुम्ही पुस्तक उघडलं असतं?"

वर्गाने ह्यावर विचार केला. आर्यनने तर डोळे मिटून केला. मग मागून कोणीतरी म्हणालं की ह्या उत्तराला तर्कासाठी बी द्यायला हरकत नाही, आणि मतदान झालं. बानू मॅडमना बी प्लस मिळाला. त्या जाताना दारात थांबल्या आणि प्लस कशासाठी, असं राजश्रीला हळूच विचारून गेल्या.

पुढच्या आठवड्यात मशीन आलं. चहाला पहिले दोन दिवस ग्रीसचा वास होता आणि तो सगळ्यांनी तक्रार न करता प्यायला.

घटकाचा शेवटचा निबंध मात्र व्हायचाच होता. विषय मोकळा होता. झरीनने पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपविरुद्ध लिहिलं आणि ते इतकं धारदार होतं की राजश्रीने ते बानू मॅडमना दाखवलं नाही. आर्यनने मधल्या बाकावर बसणाऱ्यांच्या हक्कांवर लिहिलं, पण शेवट केला नाही. तहरीमने राजाच्या बाजूने लिहिलं. मशीनचं सगळं कळल्यावरही तिने बाजू बदलली नव्हती. दोनशे मुलं रेटतात हे खरंच आहे, तिने लिहिलं होतं. उकळतं पातेलं नसलं तरी बापू आहेत, आणि त्यांचा गुडघा दुखतो हे आपल्यापैकी कोणालाही महिनाभरापूर्वी माहीत नव्हतं. रांगेत उभं राहायला राजा कशाला हवा, पण तो नसला तर आपण उभे राहतो का, असं तिने विचारलं होतं.

राजश्रीने तो निबंध तीनदा वाचला. त्यात एकही दुरुस्ती करावी लागली नाही. तिने वर ए प्लस लिहिलं, खाली सवयीने 'काइंडली' एवढं लिहिलं, थांबली, ते खोडलं आणि 'छान' असं मराठीत लिहून वही मिटली.