भोंग्याचा बिघाड

वॉशिंग मशीन आवाज करायला लागलं की मी एकेक पार्ट काढून बाजूला ठेवतो. जो काढल्यावर आवाज थांबेल, तो गुन्हेगार. या धंद्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी ऊठसूट सांगत फिरायचो. आता सांगत नाही.

आमची लेक, लाडाचं नाव भोंगा. दिवसभर गुणाची, दिवेलागण झाली की सुरू. मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी, तोंड लालबुंद. शेजारी दार किलकिलं करून बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अख्ख्या गल्लीची मशिनं गप्प करणारा मी, आणि घरचं एवढंसं पोर ऐकेना!

"तुझ्या दुधातूनच काहीतरी जातंय," मी बायकोला म्हणालो. "एकेक वस्तू बंद करून बघू."

आधी तिचा चहा बंद केला. मग दूध. मग डाळी, अंडी, फळं. भोंगा वाजतच होता. मशीनमधला पार्ट निर्दोष निघाला तर मी तो परत बसवतो. इथे काहीच परत बसवलं नाही. ताटात उरला भात आणि मीठ. बिचारी तेवढ्यावर दिवस काढायची. परवा कपडे वाळत घालताना ती भिंत धरून मटकन खाली बसली, तेव्हाही मी काय विचारावं? "काल गुपचूप काही खाल्लंस का?"

शी! सांगतानाही जीभ जड होते.

आज बाळाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, पोट दाबून पाहिलं.

"वजन झकास वाढतंय. ताप नाही, उलट्या नाहीत. बाळाच्या या संध्याकाळच्या रडण्याला कॉलिक म्हणतात. नेमकं कारण कोणालाच सापडलेलं नाही, आणि तीन-चार महिन्यांत बहुतेक बाळांचं आपोआप थांबतं. तोवर पाजल्यावर ढेकर काढा, छातीशी धरून फिरवा, दिवे मंद ठेवा. फारच डोकं फिरलं तर पाळण्यात ठेवून जरा बाहेर जा, पण रागाने गदगदा हलवू नका. ताप आला, हिरवी उलटी झाली किंवा दूध पिईना, तर लगेच आणा."

"म्हणजे बिघाड काहीच नाही?"

"बाळात नाही," म्हणत त्यांनी बायकोची खालची पापणी ओढून पाहिली. "तुम्ही काय खाता हो?"

"भात."

"आणि?"

"मीठ."

बाईंचा आवाज चढला. "हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी वजनकाट्याकडे बघत बसलो.

"माझं मीच ठरवलं," बायको म्हणाली.

"वेड्या आहात का? आजपासून सगळं खायचं." सगळी बोलणी तिने खाली मान घालून ऐकून घेतली. माझ्या वाटची. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

घरी येऊन मी स्वतः डाळ शिजवली, अंडी उकडली, दूध तापवलं. ताट वाढलं आणि भोंगा सुरू झाला. मी लेकीला खांद्यावर घेतलं, दिवा बारीक केला, फेऱ्या मारू लागलो.

"तू जेव गं. मी बघतो हिला."

तिने अंडं फोडलं, घास ओठांपर्यंत नेला आणि थांबली. रडणाऱ्या लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अहो," तिने हळूच विचारलं, "खाऊ ना मी?"