केबिनमधून दिसलेलं घरटं

प्रयोगशाळेतल्या बाई सकाळपासून दुर्बिणीला डोळा लावून बसल्या होत्या. जलशुद्धीकरण केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर त्या पाण्याचे नमुने तपासत. खिडकीखाली जुनं, आटत आलेलं तळं होतं. यंदा त्याच्या चिखलात शेकाट्यांनी, म्हणजे लांब लाल पायांच्या पाणपक्ष्यांनी, बारा घरटी केली होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आणि त्यांच्या कुत्र्यांनी अकरांची वाट लावली. बाराव्यातल्या चार अंड्यांपैकी एकातून काल पिल्लू बाहेर आलं होतं, बाकीच्यांना तडे जात होते.

आणि आजच तळं बुजवायला बुलडोझर आला. चालवणारा बाईंचा सख्खा दीर. त्यांनी चारदा फोन केला, पण त्या घरघरीत त्याला ऐकू येईल तर शपथ!

चालत जायचीही पंचाईत. मशीनला पक्षी बुजत नव्हते, पण माणूस दिसला की ते अंडी सोडून उडत. कुंपणावर कावळे टपलेलेच होते.

पातं घरट्यापासून वीस पावलांवर आलं. बाई जिना उतरल्या आणि धावत सुटल्या. शेकाट्या किंचाळत उडाल्या. बाई थेट मशीनसमोर उभ्या राहिल्या.

"वहिनी! जीव नकोसा झालाय का?" दीर ओरडला.

"बंद कर! आणि मला आत घे. मी दिसतेय तोवर ते परत यायचे नाहीत."

त्याला काही उमजलं नाही, तरी त्यानं हात देऊन त्यांना वर ओढलं. एवढ्यात एक कावळा खाली उतरला आणि तिरका चालत घरट्याकडे निघाला. दिराचा हात हॉर्नकडे गेला. बाईंनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"नको. तेही बिथरतील."

दोन्ही शेकाट्या कावळ्यावर तुटून पडल्या. तो उडाला. मग त्यांतली एक पाय दुमडून हळूच अंड्यांवर बसली. तेव्हा कुठे दोघांनी श्वास सोडला.

मुकादमाचा फोन आला. दिरानं एकदा घरट्याकडे पाहिलं.

"इंजिन तापलंय, साहेब. संध्याकाळ होईल."

"इतकं सराईत खोटं कुठे शिकलास?"

"दादाकडून."

बाईंना हसू आलं, पण नजर हलली नाही.

चारच्या सुमाराला तीन पिल्लं आईबापामागून धडपडत बांधापलीकडच्या लव्हाळ्यात शिरली. चौथं अंडं तसंच पडून राहिलं. बाईंनी अर्धा तास वाट पाहिली, मग मान हलवली.

दिरानं किल्ली फिरवली. "बघू नका, वहिनी."

बाई मात्र शेवटपर्यंत बघत राहिल्या.