गाऊ नको गं बाई

उत्तरेश्वर हिंजवडीच्या एका कंपनीत टेस्टिंगला होता. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, हे त्याचं काम. लातूरहून आला तेव्हा पुण्यात ओळखीचं कुणी नव्हतं. नाटकाच्या तालमींनी त्याला माणसं दिली. म्हणून २००७ सालच्या उन्हाळ्यात, खिशात थोडेफार पैसे जमल्यावर, त्याने 'संगीत सुवर्णलेखा' करायला घेतलं.

शंभर वर्षांपूर्वीचं शोकांत नाटक. सुवर्णलेखा दरबारातली गायिका. तिचं काळीज दुबळं, पुन्हा गायलीस तर जगणार नाहीस असं वैद्यांनी बजावलेलं. शेवटच्या अंकात राजपुत्राची नाव पुरात भरकटते, काळोखात काठ दिसत नाही, आणि सुवर्णलेखा घाटावर उभी राहून गाते. तिच्या आवाजाच्या रोखाने नाव काठाला लागते. तोवर ती गेलेली असते.

उत्तरेश्वरने दरबाराचं कॉल सेंटर केलं. राजपुत्राला मॅनेजर केलं आणि नावेच्या जागी त्याची गाडी ताम्हिणी घाटातल्या दरीत घातली. जखमी राजपुत्राला झोप लागू द्यायची नाही, मदत पोचेपर्यंत जागं ठेवायचं, म्हणून सुवर्णलेखा त्याला फोनवर गाणं ऐकवते. पदं मात्र त्याने एका अक्षराचाही बदल न करता ठेवली. पदांना हात लावायची त्याची छाती नव्हती. सुवर्णलेखेचं काम करणारी रुपाली वर्ध्याची, स्वतः कॉल सेंटरमध्येच नोकरीला. तिला तो तालमीत रोज सांगायचा, "शेवटचं पद दणकून झालं पाहिजे. पहिल्या तीन रांगा त्याच्यासाठीच येणार आहेत."

प्रमुख पाहुण्या म्हणून त्याने विमलाबाईंना बोलावलं. त्यांनी एके काळी बावीस वर्षं सुवर्णलेखा केली होती. आता वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पदं ठेवली आहेत ना?"

"सगळी."

"मग येते. बाकीचं डोळे मिटून बघेन."

तिकिटं खपेनात. शेवटी उत्तरेश्वरचे धायरीचे घरमालक संभाजीराव मदतीला आले. त्यांच्या शेतावर आता तीन इमारती उभ्या होत्या आणि एकीत उत्तरेश्वर राहत होता. "आपल्या भाडेकरूचं नाटक हाय," असं म्हणून त्यांनी एकदम चाळीस तिकिटं घेतली, एक बस ठरवली आणि सगळी भावकी त्यात भरली. सर्वांत पुढच्या सीटवर त्यांची बायको शकू. तिने आजवर नाटक म्हणून पाहिलं होतं ते जत्रेतलंच.

रविवारी दुपारी साडेबाराला प्रयोग सुरू झाला. पुढच्या तीन रांगांत जुनी जाणकार मंडळी, मग पाच रांगा रिकाम्या, आणि त्यामागे धायरी. जाणकारांत मध्यभागी दत्तप्रसाद खांबेटे बसले होते. पोस्टातून निवृत्त झालेले, पन्नास वर्षं संगीत नाटकं ऐकलेले आणि हळू आवाजात बोलण्याची सवय कधीच न लागलेले. विंगेत उभ्या असलेल्या उत्तरेश्वरला त्यांचा शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.

पडदा वर गेला. खांबेटे म्हणाले, "पडदा बरा आहे."

की-बोर्डवर नांदी झाली. "ऑर्गन दुरुस्तीला टाकलेला दिसतो."

रुपाली कानाला हेडफोन लावून आली. शेजारच्यांनी विचारलं, "तिच्या कानाला काय झालंय हो?"

"दुखत असेल. नांदी ऐकली ना तिने."

तीन रांगा खुसुखुसू हसल्या. विमलाबाई मात्र खरंच डोळे मिटून बसल्या होत्या.

मध्यंतरात सहा जण उठून घरी गेले. खांबेटे राहिले. उपाहारगृहात बटाटावडा खात त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "वडा तेवढा परंपरेला धरून आहे."

धायरीच्या रांगांत मात्र वेगळंच चाललं होतं. तिथे की-बोर्ड, ऑर्गन असला काही प्रश्नच नव्हता. दुसऱ्या अंकात डॉक्टरने सुवर्णलेखेला गायची बंदी केली तेव्हा शकू शेजारणीला म्हणाली, "पोरगी गुणाची हाय. पन ऐकायची न्हाय बघ ती."

शेवटचा अंक लागला. रंगमंचावर एकच टेबल, एकच दिवा. फोन वाजला. दरीतून राजपुत्राचा तुटक आवाज आला, आणि खांबेटे म्हणाले, "ताम्हिणीत रेंज? कुठली कंपनी आहे, विचारून ठेवा." पण या वेळी फारसं कुणी हसलं नाही. सगळे सावरून बसले. या पदासाठीच तर ते आले होते. की-बोर्डने सूर धरला. रुपालीने श्वास भरला.

"गाऊ नको गं बाई!"

अख्ख्या नाट्यगृहाच्या माना मागे वळल्या. शकू उभी राहिली होती. दोन्ही हात पुढे, जणू रस्त्यात आलेल्या लेकराला मागे ओढायला निघालेली.

"डागदरनं सांगितलंय न्हवं तुला? मरशील!"

संभाजीराव तिचा पदर ओढत होते. ती बसेना. खांबेटे उठले. "अहो बाई, खाली बसा. हे पद ऐकायला आम्ही दोन तास काय काय सोसलंय, आपल्याला कल्पना आहे का?"

"तुमच्या पदापायी पोरीचा जीव घ्यायचा व्हय?"

"अहो, नाटक आहे ते!"

"आमाला बी कळतंय नाटक हाय. म्हनून काय मरू द्यायचं?"

पन्नास वर्षांत प्रथमच खांबेटे शेरा न मारता खाली बसले. मागून धायरीची मंडळीही बोलू लागली, पुढून श्शू श्शू झालं. रुपाली भरलेला श्वास तसाच धरून उभी होती. तिने विंगेकडे पाहिलं. उत्तरेश्वरने पडद्याच्या दोरीवाल्याला हात केला, पण पाड म्हणावं की थांब म्हणावं हेच त्याला ठरवता येईना.

तेवढ्यात विमलाबाई काठीच्या आधाराने उठल्या आणि मागे वळल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, तरी तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"बाई, आपलं म्हणणं खरं आहे. पण ती गायली नाही, तर त्या मुलाला झोप लागेल आणि तो मरेल. मी तिच्या जागी उभी राहिलेय, म्हणून सांगते. तिला गाण्यावाचून गत्यंतर नाही."

शकूने विचार केला. सगळं नाट्यगृह तिच्या निर्णयाची वाट बघत होतं.

"मग गा," ती अखेर म्हणाली. "पन हळू गा गं बाई. लई जोर लावू नको."

आणि ती बसली. केवढा तरी हशा उठला. खांबेटेही हसले.

हशा ओसरला आणि रुपालीने हेडफोनचा माइक ओठांजवळ ओढला. ती गायली, पण ठरलं होतं तसं नाही. दणका नाही, तानांची आतषबाजी नाही. अंगावरचं पांघरूण सारखं करत गावं तसं ते पद तिने म्हटलं. फोनच्या पलीकडच्या एका माणसाला ऐकू गेलं की पुरे, एवढ्याच आवाजात. पुढच्या रांगा ऐकण्यासाठी पुढे वाकल्या. मागे कुणी खोकलंसुद्धा नाही.

विंगेत उत्तरेश्वर कपाळाला हात लावून उभा होता. फोनवर कुणी दणकून गातं का? सेट बदलला, कपडे बदलले, घाटसुद्धा बदलला. आणि पहिल्या तीन रांगांच्या धाकाने गाणं मात्र जुन्या घाटावरचंच ठेवलं. त्याच्या दोन महिन्यांच्या तालमीतली ही चूक एका बाईने बसल्या जागेवरून काढून दिली होती.

पद संपलं. रुपालीचं डोकं टेबलावर टेकलं. दिवा मंद झाला. कुठेतरी बांगड्या वाजल्या, कुणीतरी नाक ओढलं. आणि खांबेट्यांच्या तोंडून, पन्नास वर्षांच्या सवयीने, निघून गेलं, "वन्स मोअर!"

मागून लगेच आवाज आला, "दोनदा मारता व्हय तिला?"

मेलेल्या सुवर्णलेखेचे खांदे गदागदा हलू लागले. दोरीवाल्याने कुणी न सांगता पडदा पाडला. टाळ्या कितीतरी वेळ चालल्या.

पडदा पडताच शकू आत शिरली. कुणाला न विचारता तिने रुपालीचं मनगट धरलं, गालावरून हात फिरवला. "किती वाळलीस गं. आई कुठं असती?"

"वर्ध्याला," रुपाली म्हणाली, आणि इतका वेळ हसणाऱ्या तिला एकाएकी रडू फुटलं.

मागोमाग विमलाबाई आल्या. उत्तरेश्वर वाकला. त्याच्या पाठीवर हात ठेवून त्या शकूला म्हणाल्या, "बावीस वर्षं मी हे पद गायले. लोक घड्याळ लावून माझ्या ताना मोजायचे. गाऊ नको म्हणून कुणी एकदाही उठलं नाही."

"मी असते तर उठले असते," शकू म्हणाली.

"हो. तुम्ही उठला असतात." विमलाबाई रुपालीकडे वळल्या. "आता असंच गात जा. आणि मी आज शेवटचा अंक पूर्ण डोळे उघडे ठेवून पाहिलाय, हे दिग्दर्शकाला सांग."

दिग्दर्शक शेजारीच उभा होता. त्याचे कान लाल झाले.

खांबेटे दारातूनच म्हणाले, "पुढचा प्रयोग कधी?"

"येणार आपण?" उत्तरेश्वरने आनंदाने विचारलं.

"कधी, असं विचारलं. येणार असं म्हटलं नाही." ते जायला वळले, थांबले. "दोन तिकिटं ठेवा. आमच्या हिलाही आणतो. आणि तो ऑर्गनचा काही विचार करा."

शकूने रुपालीला सोडलं नाही. "आज जेवायला आमच्याकडंच," असं म्हणून अर्ध्या पुसल्या रंगासकट तिला बसमध्ये बसवलं. उत्तरेश्वर सामान आवरून मागून येणार होता. बस टिळक रोडवरून निघाली तशी एका आजीने विचारलं, "का गं, त्या राजपुत्राचं पुढं काय झालं?"

रुपालीने याचा कधी विचारच केला नव्हता. नाटक तिथेच संपत होतं. "बरा झाला असेल," ती चाचरत म्हणाली. "पण त्याने लग्न केलं नाही."

"असं कसं? येवढी नोकरी हाय त्याला!"

दांडेकर पुलापर्यंत बसमध्ये दोन तट पडले. लग्न करावं म्हणणाऱ्या बायका जास्त निघाल्या. सिंहगड रोडला लागेस्तोवर त्याच्या आईची तब्येत, घरातली अडचण, सगळ्याची चर्चा झाली. आणि बस वडगावला पोचली तेव्हा राजपुत्रासाठी संभाजीरावांच्या नऱ्हे गावच्या चुलत मेहुण्याच्या मुलीचं नाव निघालं होतं, आणि ती बारावी की ग्रॅज्युएट, यावरून रुपालीसुद्धा हिरिरीने भांडत होती.