सावली चुकवणारं विमान

रविवारी सकाळी पावणेदहाला एका हरवलेल्या माणसाच्या शोधात दोन विमानं उडाली. हरवलेला माणूस त्या वेळी न्हाव्याच्या खुर्चीत बसला होता. अर्धी दाढी झालेली, उरलेल्या गालावर फेस.

घोळ टोपीनं घातला. त्या लहानशा फ्लाइंग क्लबात सात विमानं होती आणि ऑफिसच्या भिंतीवर सात खिळे. उडताना आपली टोपी आपल्या खिळ्याला अडकवायची, उतरलं की काढून डोक्यावर घालायची. टोपी खिळ्यावर म्हणजे माणूस आभाळात, इतका सरळ हिशेब. दातांचे डॉक्टर शनिवारी संध्याकाळी उतरले, विमान हँगरात लोटलं आणि बोडक्या डोक्यानं घरी गेले. सकाळी टोपी लटकलेली आणि रेडिओवर हाका मारूनही डॉक्टरांचा पत्ता नाही, म्हणून शोधाशोध सुरू झाली. हँगरात डोकवायचं मात्र एकालाही सुचलं नाही. शोधाला निघालेलं एक विमान तर डॉक्टरांच्या विमानाला खेटूनच बाहेर काढलं होतं. पण टोपी म्हणतेय वर आहे, म्हणजे आहे!

डॉक्टरांच्या बायकोला फोन गेला. तिनं पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला, त्यामुळे क्लबात तिला सगळे बाई म्हणत. डॉक्टर सकाळी “जरा जाऊन येतो” म्हणून बाहेर पडले होते आणि त्या घरात याचा अर्थ न्हावीही होत असे, आभाळही. बाई धावत आल्या आणि नवऱ्याची टोपी मांडीवर घेऊन ऑफिसातल्या बाकावर बसल्या.

मग गुळगुळीत चेहऱ्याचे डॉक्टर दारात उभे राहिले. सगळ्यांची तोंडं पाहून त्यांनी आवाज खाली आणला.

“काय गं, कोण गेलं?”

“तुम्ही,” बाई म्हणाल्या आणि टोपी त्यांच्या हातात कोंबली.

त्याच दिवशी कॅप्टननं विषय काढला. कॅप्टन म्हणजे क्लबातली विमान चालवायला शिकवणारी तिशीतली तरुणी. बोलणं कमी आणि ऐकून घेणं त्याहून कमी. प्रत्येक विमानात ट्रान्सपॉन्डर बसवायचा, म्हणजे विमान कुठे आहे, किती उंचीवर आहे, हे ते यंत्र दर क्षणाला सांगत राहील, असं तिचं म्हणणं.

“वजन वाढेल,” डॉक्टर म्हणाले.

“तुमच्या जेवणाच्या डब्याएवढं आहे ते,” मिस्त्री म्हणाला. विमानांची दुरुस्ती तोच बघायचा. “डबा घरी ठेवा.”

“आणि खर्च?”

“आज तुम्हाला शोधायला जेवढं इंधन जाळलं, तो खर्च धरायचा का?” कॅप्टननं विचारलं. “धुक्यात दोन विमानं समोरासमोर आली तर? त्याचाही धरू?”

“शेळीच्या गळ्यात घंटा बांधतात तसं चाललंय हे. माणसाला आभाळात तरी मोकळं सोडा!”

“शेळी निदान न्हाव्याकडे जात नाही,” बाई म्हणाल्या.

शेवटी महिनाभर एका विमानात यंत्र लावून बघायचं ठरलं. कुणाच्या, हे विचारायची गरजच नव्हती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. डॉक्टरांनी यंत्राचं माहितीपत्रक वाचलं नव्हतं. पेशंटला गोळ्यांबरोबरचा कागद वाचायला सांगणारा माणूस स्वतः तो कधीच वाचत नाही. त्यांची समजूत अशी, की हे यंत्र फक्त जवळच्या विमानांना “बाजूला व्हा” एवढंच सांगतं. विमानाची वाट एका नकाशावर उमटते आणि तो नकाशा कुणालाही फोनवर बघता येतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बाईंना होतं. कॅप्टननं पहिल्याच दिवशी त्यांच्या फोनवर तो नकाशा उघडून दिला होता.

पहिल्या रविवारी बाई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून ठिपका बघत राहिल्या. ठिपका नदी ओलांडून गेला, एका फळबागेजवळ पोचला आणि तिच्या पश्चिमेला कोर काढून परत फिरला. बाग ओळखायला बाईंना क्षणही लागला नाही. ती त्यांच्या धाकट्या दिराची होती.

विमान दोघा भावांनी मिळून गॅरेजमध्ये बांधलं होतं. तेव्हा बागेतल्या गवताच्या पट्टीवरच उतरायचे. मग रंगावरून बिनसलं. धाकट्याला पिवळा हवा होता, लांबून दिसावा म्हणून. डॉक्टरांनी त्याला न विचारता निळा फासला.

“निळ्या आभाळात निळं विमान!” धाकटा ओरडला होता. “दादा, तू हरवलास तर दिसणार कसा? मी येणार नाही शोधायला!”

“नको येऊस! तुझ्या बागेवर माझी सावलीसुद्धा पडणार नाही!”

याला सहा वर्षं झाली. घरात धाकट्याचं नाव काढायची सोय नव्हती. डॉक्टर अधूनमधून स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणायचे, “पट्टीवरचं गवत कापलंय म्हणे त्यानं.” कोण म्हणे, हे बाई विचारत नसत.

पुढचे रविवारही तसेच गेले. सकाळी निघाले तर कोर पश्चिमेला, दुपार कलल्यावर निघाले तर पूर्वेला. बाई एकट्याच हसल्या. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणजे सावली पश्चिमेला. विमान बागेच्या पश्चिमेकडे ठेवलं की सावली बागेबाहेर पडते. दुपारी उलटं. दातांच्या डॉक्टरानं सहा वर्षं शब्द पाळला होता, आणि भावाला बघायचंही सोडलं नव्हतं.

त्या गप्प राहिल्या. आपल्याला हे कळलंय हे कळलं, तर हा माणूस जायचंच थांबवेल, ही धास्ती होती.

महिना संपल्यावर सभा भरली. कॅप्टननं दिवे घालवून नकाशा भिंतीवर पाडला. निळ्या विमानाच्या सगळ्या वाटा एकावर एक उमटल्या आणि नदीपलीकडे कोरीच कोरी दिसू लागल्या.

“डॉक्टर,” मिस्त्री म्हणाला, “चंद्र काढताय का?”

डॉक्टरांनी भिंतीवरच्या नदीकडे बोट केलं. “वारा असतो तिकडे.”

“दर रविवारी? वेळ बघून बाजू बदलणारा?” कॅप्टननं विचारलं.

“ही माहिती... ही कुणालाही दिसते?”

“जगात कुणालाही.”

“बघा! मी म्हणत नव्हतो? माणसाची अब्रू म्हणून काही—” त्यांनी बायकोकडे पाहिलं. पेशंट खुर्चीत बसून डॉक्टरकडे बघतो, तसं.

बाईंनी ठरवलं होतं की तोंड उघडायचं नाही. पण समोर बुडणारा माणूस आपलाच होता.

“कॅप्टन, प्रत्येक वाटेखाली काहीतरी लिहिलंय. वाच बरं.”

“‘पाहणारे: दोन.’ म्हणजे त्या वेळी हे विमान दोन जण बघत होते.”

“सगळ्या रविवारी दोनच?”

“सगळ्या.”

“एक मी,” बाई म्हणाल्या. “दुसरं कोण?”

कॅप्टन म्हणाली, मी रविवारी शिकवत असते. मिस्त्री म्हणाला, मला विमान खाली बघायला आवडतं. बाकीच्यांनी माना हलवल्या. डॉक्टर भिंतीकडे बघत राहिले. मग टोपी काढली, पुन्हा घातली.

“निळा रंग दिसत नाही म्हणत होता,” ते पुटपुटले. कोण, ते बोलले नाहीत.

मतदान झालं. यंत्राच्या बाजूनं तीन, विरुद्ध तीन. सातवं मत डॉक्टरांचं.

“पुढच्या रविवारी सांगतो,” ते म्हणाले.

पुढच्या रविवारी ते सकाळी निघाले नाहीत. क्लबात बाईंबरोबर चहा घेतला, पेपर वाचला, विमानाची काच दोनदा पुसली. साडेअकराला बाईंनी विचारलं, “अहो, आज उडायचं नाही का?”

“बाराला बघू.”

“बाराला ऊन डोक्यावर येतं. सावली बरोबर पोटाखाली पडते.”

डॉक्टरांनी बायकोकडे रोखून पाहिलं. “भूगोल मला शिकवू नकोस,” ते म्हणाले आणि टोपी खिळ्याला अडकवली. दारातून परत आले. “आणि तो ठिपका बघत बसू नकोस.”

“बसणारच.”

बाराला दहा मिनिटं असताना निळं विमान उडालं. बाई टोपीखालच्या बाकावर फोन घेऊन बसल्या. कॅप्टन मागे उभी राहिली, मिस्त्री हात पुसत आला. पाहणारे: दोन. ठिपक्यानं नदी ओलांडली. बाग आली. तो ना पश्चिमेला वळला, ना पूर्वेला. सरळ बागेवर गेला, एक फेरी मारली आणि खाली खाली येत गवताच्या पट्टीवर थांबला.

“इंजिन बंद पडलं की काय?” मिस्त्री म्हणाला.

कॅप्टननं रेडिओवर हाक मारली. उत्तर आलं नाही.

“शोधायला जाऊ का, बाई?”

“थांब जरा,” बाई म्हणाल्या आणि फोन तिच्यापुढे धरला.

साडेबारा वाजता मिळालेली शेवटची माहिती अशी: ठिपका पट्टीवर स्थिर आहे, टोपी खिळ्यावर आहे, सातवं मत पडलेलं नाही. पाहणारे: एक.