संहितेत नसलेलं काम

आक्काचे गुडघे आता जिना पाहूनच कुरकुरतात. पण त्या नाटकाचा विषय निघाला की ती पुन्हा तिशीतली होते. त्या नाटकात ती गर्दीत होती. गर्दी म्हणजे सहा माणसं. कधी बाजार, कधी कोर्ट. नायक विंगेतून येण्याआधी सहाही जण बोलता बोलता थबकायचे, माना वळवायचे, श्वास धरायचे. मग तो दिसायचा आणि थिएटर टाळ्यांनी दणाणायचं. हे कुणी शिकवलं नव्हतं. तालमी करता करता अंगवळणी पडलं होतं. काय दिवस होते ते, असं ती म्हणते, आणि पुढचंही सांगते.

प्रयोगामागे मिळणाऱ्या पैशांना नाटकवाले ‘नाइट’ म्हणतात. नायकाची नाइट दर हंगामाला वाढायची. गर्दीची होती तिथेच. येण्याजाण्याचं भाडं वजा जाता चहापुरतं उरायचं, आणि आक्काचं घर तर तिच्या एकटीच्या जिवावर. बाहेर हाऊसफुल्लची पाटी बघून बघून शेवटी ती नाटकाच्या मालकाकडे, शेठकडे गेली. शेठ खुशीत होता. लोक तिकीट काढतात ते नायकाचं तोंड बघायला, तो म्हणाला. स्टेजवरची एखादी खुर्ची हलवली म्हणून कुणी पैसे परत मागतं का?

संप करण्याची ऐपत कुणाचीच नव्हती. मग सहा जणांनी ठरवलं, की संहितेत लिहिलंय तेवढंच करायचं. एक शब्द कमी नाही, एक नजर जास्त नाही.

नायक आला. गर्दी भाजीचा भाव करत राहिली. टाळी आलीच नाही. पुढच्या रांगेत कुणीतरी खोकलं फक्त. त्याचे हुकमी विनोदही ओल्या काड्यांसारखे विझत गेले.

मध्यंतरात तो तणतणत गर्दीच्या खोलीत आला. “काय आक्का, झोपून आलात का सगळे?”

“नाही दादा. लिहिलंय तेवढं केलं. बाकीचं इतकी वर्षं फुकटात घालत होतो.”

तो स्टुलावर बसला.

“ती टाळी मला माझीच वाटायची,” तो म्हणाला. मग जरा चाचरत त्याने आपल्या नाइटमधला वाटा देऊ केला. आक्काला कसंतरीच झालं.

“तुमच्यातलं नको. तुम्ही तुमचं कमावता. गल्ल्यातलं हवं, आमचं म्हणून.”

त्याने शेठला निरोप धाडला, की गर्दीचं ठरल्याशिवाय दुसरा अंक नाही. घंटा वाजेना. प्रेक्षक चुळबुळू लागले तसा शेठ धावत आला, सगळे मिळून मला खाणार आहात असं पुटपुटला, आणि दीडपटीला कबूल झाला. दुप्पट मागितली होती. असो.

दुसऱ्या अंकात नायक विंगेत उभा राहिला. आक्का थबकली, वळली. टाळी पूर्वीसारखीच आली. पण ज्याच्याकडे ती इतकी वर्षं हौसेनं बघत आली होती, त्याच्याकडे बघण्याचे आता पैसे मिळणार होते. आणि बघताना तिला, का कोण जाणे, थोडं लाजल्यासारखं झालं.