राहीबाईंच्या सहा पेट्या

पाटणच्या वर, डोंगरउतारावर राहीबाईंनी सातेरी मधमाश्यांच्या सहा पेट्या ठेवल्या होत्या. माघात त्यातली एक मंदावली. पोळ्यावर जाळी दिसली, तेव्हा मेणकिडा लागला असं समजून त्यांनी ती खरवडून काढली. मग जोमदार पेटीतली अळ्यांची चौकट त्या पेटीत घातली आणि तिथली चौकट जोमदार पेटीत. दुबळ्या पेटीला त्या वर्षानुवर्षं असंच सावरत आल्या होत्या. पण मंदावेल ती पेटी तशीच सावरता सावरता पंधरा दिवसांत पाच पेट्या मंदावल्या.

माश्यांचं प्रशिक्षण घेतलेली सून साक्षी माहेराहून परतली ती थेट पेट्यांकडं गेली. एरवी वेटोळं करून बसणारी अळी लांबट पडली होती, मान वर करून. साक्षीनं ती काडीनं उचलली, तर पाणी भरलेल्या पिशवीसारखी लोंबली.

"आत्या, ह्याला घाण वास न्हाई, काडीला चिकट तारबी सुटत न्हाई. सडका रोग न्हवं ह्यो. पिशवीचा रोग हाय, अळीची अशी पिशवी करणारा. मेणकिडा मागनं आलाय, पेटी दुबळी झाल्यावर."

"औषध?"

"न्हाई."

राहीबाईंनी हातातली चौकट खाली ठेवली. "म्हंजी ह्या पेटीतनं त्या पेटीत मीच नेला व्हय गं?"

साक्षी कुदळ आणायला वळली.

पाच पेट्यांत मूठमूठभर माश्या उरल्या होत्या. खड्डा खणून दोघींनी त्या पोळ्यांसकट जाळल्या. मेणाचा धूर अंगावर येत होता, तरी राहीबाई जागच्या हलल्या नाहीत. सहावी पेटी तेवढी भरलेली होती, पण चौकटी तिच्यातूनही फिरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्यातल्या माश्याही पेटी सोडून उठल्या. माश्यांचा लोट छपरावरून वर गेला. रिकामी पेटी उचलून राहीबाई अनवाणीच मागं धावल्या, दगडांत ठेचकाळल्या, पण लोट खिंडीपलीकडं दिसेनासा झाला.

खिंडीपलीकडच्या वाडीत हरिबाच्या नऊ पेट्या होत्या. तासाभरानं खिंडीच्या माथ्यावर रेंज मिळाली, तेव्हा राहीबाईंनी धापा टाकतच फोन लावला.

"हरिबा भावजी, कुटलं मोहोळ आलं तर पेटीत घिऊ नगा. माझं हाय, रोगाचं."

"आवं वैनी, आत्ताच घेतलं की! लय झकास बसलंय. ऱ्हावं म्हणून माझ्या पेटीतली अळ्यांची चौकटबी दिली. तुमीच शिकवलं न्हवं का?"

राहीबाईंनी फोन ठेवला. तशाच त्या खिंड उतरून गेल्या.

हरिबा अंगणात चौकटी पुसत बसला होता. त्यांचा चेहरा बघून तो उठला.

"ती चौकट जाळा," राहीबाई म्हणाल्या. "माश्या लांब ठिवा, एकट्या. आन त्याच हातानं दुसऱ्या पेट्या उघडल्या का?"

"तीन उघडल्या," हरिबा हळू म्हणाला.

राहीबाई तिथंच ओट्यावर बसल्या. "ह्या आठ-दहा दिवसांत अळ्यांची मान वर झाली, तर मला हाक मारा. मी यीन जाळायला."

हरिबानं चुलीवर पाण्याचं भगुलं ठेवलं, अन् दोघांनी मिळून चौकटी उचलायची हत्यारं उकळायला घेतली.